कुसाबाईच्या जागी

फौजेच्या कागदांत माझी थोरली बहीण कुसा अजून जिवंत होती आणि मी कुठंच नव्हते. यात कुणा कारकुनाची चूक नाही. चूक आमच्या घरातलीच.

कुसाचं लग्न वाल्मीक हवालदारांशी झालं आणि वर्षाच्या आत ती काविळीनं गेली. हवालदार तेव्हा कुठंतरी बर्फात चौकीवर होते. त्यांना तार पोचली तोवर इकडं तेराव्याची जेवणंसुद्धा उरकली होती. सुट्टी घेऊन ते घरी आले, तर दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी ठरवूनच ठेवलेलं. सोयरीक तुटायला नको, धाकटी आहेच. त्याच सुट्टीत माझं त्यांच्याशी लग्न लागलं. मला कुणी विचारलं नाही. यांनाही विचारलं नसणार.

सुट्टी संपली, हे परत गेले. पहिली बायको वारली, दुसरं लग्न केलं, एवढंच पलटणीत कळवायचं होतं. यांनी कळवलं नाही. पुढं बायकोचा फोटो मागितला तेव्हा माझा दिला आणि नाव तिचंच राहू दिलं. मग काय, कॅन्टीनच्या कार्डावर कुसाबाई, केसपेपरवर कुसाबाई. निकिता फौजेच्या दवाखान्यात झाली. “कुसाबाई, मुलगी झाली,” असं नर्स म्हणाली आणि मी मुकाट मान हलवली. सुरुवातीला टोचायचं. नंतर चप्पल चावून चावून पायाला घट्टा पडतो, तसं झालं. का कळवलं नाही असं विचारलं की हे म्हणायचे, “राहून गेलं.” माणसाचं किती राहून जावं, याला काही सुमार?

आता फौजेनं पेन्शनचे सगळे कागद कॉम्प्युटरवर चढवायचे काढले. नवरा-बायको दोघांचं आधार कार्ड मागितलं आणि माझ्या आधारवर लंकाबाई. तिथं गाडी अडली. यांची तब्येतही भरवशाची राहिलेली नाही. हे आहेत तोवर यांच्या सहीनं माझं नाव माझ्या जागी यावं, निकिताच्या आईच्या जागी यावं, एवढंच मला हवं होतं. मागून मला कोण विचारणार?

दिंडोरीला खेटे घालून घालून मी कुसाच्या मृत्यूचा दाखला काढला आणि आम्ही एसटीनं नाशिकला गेलो. फौजींच्या कचेरीबाहेर टेबल टाकून संतोष नावाचा एक जण कागद करून देतो. त्यानं सगळं उलटसुलट करून पाहिलं.

“काकू, लय लांबचा रस्ता धरला तुम्ही,” तो म्हणाला. “लग्नात नवरीचं नाव बदलतातच ना? माहेरची लंका, सासरची कुसा, दोन्ही एकच बाई, असं प्रतिज्ञापत्र करून टाकू. हा मरणाचा दाखला दाखवूच नका.”

यांचा चेहरा उजळला. “तसंच कर,” हे घाईनं म्हणाले. “जुनं कशाला उकरायचं?”

मला राग आला. बऱ्याच वर्षांनी आला, म्हणून चांगलाच आला.

“मी कुसा नाय,” मी म्हणाले. “कुसा मेलेली हाय. शेवटचं पाणी मी घातलंय तिच्या तोंडात.”

“अगं, कागदावर तर हाय नुसतं.”

“कागदावरचंच म्हणते मी. मेल्यावर बाळंत झाली का माझी बहीण?”

संतोषनं मान खाली घातली आणि दुसरा अर्ज करायला घेतला. पहिली पत्नी कुसाबाई मयत. दुसरी पत्नी लंकाबाई. मुलगी निकिता, आईचं नाव लंकाबाई. त्यानं ते वाचून दाखवलं आणि पेन यांच्या हातात दिलं.

“नाना, इथं सही.”

हे पेन धरून बसून राहिले.

“मला काय तेव्हा लिहिता येत नव्हतं?” हे म्हणाले. “दोनदा फॉर्म मागून घेतला होता मी.” मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “मी तिला मेलेली पाह्यली नाय, लंके. मी निघालो तेव्हा ती दारात हुबी होती. तिकडं बर्फात बसून तिला मेली असं कसं लिहायचं?”

म्हणजे काही राहून गेलं नव्हतं. यांनी मुद्दाम ठेवलं होतं. मला काहीतरी वाटायला हवं होतं. वाईट, हेवा, दया, काहीही. मी आत चाचपून पाहिलं, काहीच हाताला लागलं नाही.

“आता लिहा,” मी म्हणाले.

यांनी सही केली. ती वाकडी आली. चालेल, म्हणून संतोषनं शिक्का मारला.

घरी आल्यावर हे आत आले नाहीत. अंगणातल्या धुण्याच्या दगडापाशी उभे राहिले.

“पाणी दे,” हे म्हणाले. “गारच दे.”

मला कळलं. माणूस गेल्याची बातमी कितीही उशिरा आली, तरी ऐकल्यावर डोक्यावरून आंघोळ करायची, अशी आमच्याकडं रीत आहे. तार मिळाली तेव्हा यांनी ती केलीच नसणार. आणि घरी आले तेव्हा यांच्या अंगावर एकदम हळदीचं पाणी पडलं होतं.

मी बादली भरून दिली. हे कपड्यांसकट दगडावर बसले आणि तांब्यामागून तांब्या ओतत राहिले. दात वाजत होते तरी थांबेनात. मी बाजूला उभी राहून बघत होते.

कुसा गेली तेव्हा घरात सगळे रडत होते आणि मी सगळ्यांना चहा करून देत होते. मग मला हळद लागली. नव्या नवरीनं रडायचं नसतं.

मी दुसरी बादली भरली. यांच्या शेजारी दगडावर बसले आणि साडीसकट पहिला तांब्या डोक्यावर ओतला. “आक्का,” मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.