जेवणघरातला सज्जा

"फादर, लग्न करायचं म्हणून इथनं कुणी पळून गेलंय का कधी?"

विचारलं मी, पण प्रश्न राजलक्ष्मीचा. एसटीत तिनं आणि मागच्या बाकावरच्या पोरींनी पैज लावलेली, विचारून दाखव, परतताना खिडकीची जागा तुझी. सणसरहून आमची दहावीची सहल पुण्याला आली होती. डबे खायला सावली हवी म्हणून सरांनी ओळखीच्या फादरांची सेमिनरी गाठली. सेमिनरी म्हणजे जिथं पोरं फादर व्हायला शिकतात, तिथंच राहतात, तिथंच जेवतात. सरांनी माझ्याकडं असं बघितलं की सहल तिथंच संपली असं वाटलं. फादर मात्र हसले.

"एक पळाला होता, पण लग्नासाठी नाही. त्याच्यापायी," म्हणत त्यांनी बोट वर केलं. जेवणघराच्या भिंतीला उंचावर एक चिमुकला सज्जा होता, वर जायला अरुंद जिना. तिथं उभं राहून म्हणे मोठ्यानं वाचायचं.

वाचायचं म्हटल्यावर माझे कान टवकारले. आमच्या विहारात दर रविवारी संध्याकाळी ग्रंथवाचन असतं आणि ओट्यावर चढून वाचतो माझा मोठा भाऊ बुद्धभूषण, तोही मधल्या ओळी गिळत. मी वाचते म्हटलं तर कमिटीचे नाना म्हणाले, पोरीचा आवाज बारीक, मागच्या सतरंजीपर्यंत जायचा न्हाय. वर्षभर मी ते ऐकून घेतलं होतं.

फादर सांगत होते. सेमिनरी नवी होती तेव्हा आवारात धड एक झाड नव्हतं. पोरं साऱ्या देशातून आलेली, एकाचं दुसऱ्याला कळेना. जेवताना कुणी बोलायचं नाही असा नियम. एकानं सज्ज्यात चढून लॅटिनमधून वाचायचं, बाकीच्यांनी खात ऐकायचं. चुकलं की मुख्य फादर खालून म्हणणार, "पुन्हा." एका पोराला त्यांनी इतक्यांदा पुन्हा म्हटलं की तो उपाशीच आवाराच्या भिंतीवरून उडी टाकून स्टेशनवर गेला.

"मग?"

"दुसऱ्या दिवशी परत आला. पाळी दुसऱ्याची होती, तरी हाच चढला. काल अडला होता तिथनं सुरू केलं."

"परवानगी कुणी दिली?"

"कुणीच नाही. पण खाली उतर असंही कुणी म्हणालं नाही."

मी विचारलं, एखादी मुलगी चढली होती का वर. फादर म्हणाले, इथं मुली नसतातच, बाळ. त्यांचं वाक्य संपेपर्यंत मी त्यांच्या टेबलावरचा पेपर उचलून अर्धा जिना चढले होते. सर खालून हाका मारत होते. राजलक्ष्मीला मी पार शेवटच्या कोपऱ्यात पिटाळलं, बाकीच्यांना म्हटलं डबे वाजवा. त्यांना तेवढंच हवं होतं.

हाताला लागली ती उसाच्या भावाची बातमी. दुसऱ्याच ओळीत जीभ अडखळली आणि खालून फादर गंभीर आवाजात म्हणाले, "पुन्हा." मी ती ओळ परत घेतली, या वेळी पोटातून. डबे वाजतच होते. बातमी संपली तेव्हा राजलक्ष्मी कोपऱ्यातून म्हणाली, "अगं बास, आपल्या सणसरच्या साखर कारखान्यावर ऐकू गेलं असंल."

घरी आल्यावर सहलीचं सगळं सांगितलं, शेवटी विहारात आता मी वाचणार हेही. आई म्हणाली, नाना चिडत्याल. अप्पांनी चहाची बशी खाली ठेवली.

"आधी कमिटीला इचारू, अंजली. घाई कशाला?"

"वरीसभर इचारलं, अप्पा. आता न्हाय इचारत. येत्या रविवारी ग्रंथ मी वाचणार हाय. तुमी दोघं मागच्या सतरंजीवर बसा, नानांना मधी घेऊन. ऐकू न्हाय आलं तर हात वर करा, मी ती ओळ पुन्हा वाचीन, पण खाली उतरणार न्हाय."