आवाज मोजणारे हवालदार

"काका, आता किती?" थाळी बडवायची थांबवून एका मुलीनं विचारलं.

"एकसष्ट," हवालदार म्हणाले. "आणि मधे बोलू नका, तेही धरलं जातं."

वसतिगृहात चार दिवस पाणी नव्हतं, म्हणून मुली कॉलेजच्या फाटकाशी थाळ्या बडवत बसल्या होत्या. आवाज मोजायचं यंत्र हाती आल्यापासून हवालदारांना सारं ठाणं डेसिबलदादा म्हणायचं. घरी बायको चिडली, तरी ते आधी मनात आकड्याचा अंदाज बांधायचे आणि मग घाबरायचे.

साहेब जीपमधून उतरले. मागे लाठ्या घेतलेली तुकडी आणि रिकामी गाडी तयारच होती. आकडा मर्यादेबाहेर जायचीच काय ती खोटी होती.

"एकसष्ट, साहेब. मर्यादा पासष्ट."

"जवळून घ्या ना!"

"फाटकापासून चाळीस पावलं. परवा कॉलेजच्या अध्यक्षांच्या पुतण्याच्या मोर्चाला तुम्हीच मला इथं उभं केलं होतंत."

परवा पुतण्यानं दोन भोंगे लावले होते. आकडा आला चौऱ्याण्णव. साहेब म्हणाले होते, यंत्र तापलं असेल. आणि मोर्चेकऱ्यांना पोलिसांकरवी थंड पाणी वाटलं होतं.

"तो मोर्चा वेगळा होता हो."

"असेल. यंत्राला कळत नाही, साहेब."

साहेबांनी यंत्र हिसकावलं आणि ते थेट थाळ्यांवर नेऊन धरलं. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि थाळ्या मुकाट्यानं मांडीवर ठेवल्या. सगळं चिडीचूप.

"आता का थांबलात? वाजवा!" साहेब कडाडले.

डेसिबलदादांनी वाकून पाहिलं. "एक्याण्णव, साहेब. हा कुणाच्या नावावर लिहू?"

तुकडीतलंच कुणीतरी फिस्सकन हसलं. गाडी रिकामी परतली.

ठाण्यात साहेबांनी कागद पुढे सरकवला. "मुली, एक्याण्णव. करा सही."

दादांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग शेजारचा कोरा कागद ओढून दोन्ही दिवसांचे खरे आकडे लिहिले, सही केली आणि आवक नोंदवहीत चढवूनही टाकला.

दुसऱ्या दिवशी त्यांची रवानगी तळघरातल्या अभिलेख कक्षात झाली. तिथं एक खुर्ची, एक टेबल आणि छतापर्यंत फायली. दुपारी दारात त्याच मुली उभ्या.

"काका, दोन्ही दिवसांच्या नोंदीची नक्कल मिळेल?"

"मिळेल. रीतसर अर्ज लिहा."

मुलींनी इकडेतिकडे पाहिलं. दादा उठले, खुर्चीवरची धूळ रुमालानं झटकली, ती टेबलाशी सरकवली आणि अर्ज लिहून होईपर्यंत स्वतः फायलींना टेकून उभे राहिले.