रेडिओला ऐकू येत नाही

माझ्या भाचीचं, दामिनीचं लग्न प्रतापनगरातल्या एका हॉलमध्ये पहिल्या मजल्यावर लागत होतं आणि तिचा बाप खाली पार्किंगमध्ये माझ्या गाडीत बसून होता. गुडघा जिना चढू देत नाही म्हणे. हाच माणूस आठवड्यापूर्वी कन्हानजवळच्या आपल्या शेतात रानडुकरांमागे धावताना मी पाहिला होता.

खरं दुखणं वेगळं होतं. नवरा मुलगा, प्रशिक, बौद्ध घरचा. रुपरावभाऊजींचा त्याच्यावर तसा राग नव्हता. पोरगा शिकलेला आहे, शांत आहे, हे त्यांनीही कबूल केलं होतं. पण भावकीतल्या एकानेही पत्रिका हातात घेतली नाही आणि भावकीपुढे भाऊजींची मान कधी वर झालेली मला आठवत नाही. माझी बहीण शामला मात्र ठेवणीतली साडी नेसून सरळ वर निघून गेली. "तुमचं तुम्ही पाहा," एवढंच नवऱ्याला म्हणाली. भाऊजी घरून निघाले, हॉलपर्यंत आले आणि गाडीच्या दारात त्यांचं अवसान गळालं.

दामिनीला हे होणार ठाऊक होतं. आदल्या दिवशीच तिने सीताबर्डीवरून अंगठ्याएवढं एक यंत्र आणून माझ्या हातात ठेवलं होतं. "मामा, बाबा वरतं नाही आले तं हे लावजा. बाबाच्या कानावर पडल्याशिवाय मले लग्न लागल्यासारखं वाटणारच नाही." एवढं बोलून ती पटकन आत गेली. माझ्यासमोर रडायचं नव्हतं तिला.

माझी गाडी जुनी. तिच्यात ना ब्लूटूथ, ना वायर खोचायची सोय. रेडिओ तेवढा ठणठणीत. भाऊजींना ऐकू कमी येतं आणि लॅपटॉपचा आवाज म्हणजे डब्यात कोंडलेला डास. म्हणून ही युक्ती. यंत्र सिगारेट पेटवायच्या भोकात खोचायचं, त्याची वायर लॅपटॉपला जोडायची, रेडिओवर एकही स्टेशन लागत नाही अशी जागा शोधायची आणि यंत्रावर तोच आकडा लावायचा. मग लॅपटॉप जे बोलेल ते गाडीचा रेडिओ बोलतो. वर हॉलमध्ये दुसरा लॅपटॉप होता. लांबच्या नातेवाइकांना लग्न दिसावं म्हणून व्हिडिओ कॉल लावला होता आणि त्याचा आवाज हॉलच्या स्पीकरला जोडलेला होता.

माझ्या लॅपटॉपवर तोच कॉल लावून मी सगळं नीट केलं. फक्त पडद्याच्या कोपऱ्यात माइकचं चित्र होतं आणि त्यावर लाल काट मारलेली होती. मला वाटलं काहीतरी बिघडलं. बोटाने दाबली तशी ती गेली. दुरुस्त केलं म्हणून मी स्वतःवर खूश झालो.

भाऊजी पडद्याकडे बघेनात. तोंड फिरवून काचेबाहेर बघत बसले. पण आवाजाला काय करणार? आणि तोही रेडिओतून आलेला. त्यांचं निम्मं आयुष्य रेडिओच्या संगतीत गेलं. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर रेडिओ लावायचा आणि त्याच्याशी भांडत काम करायचं, ही जुनी खोड. हवामानवाल्याने पाऊस सांगितला की हे म्हणणार, "पाड ना मंग, पाहतो." रेडिओला ऐकू येत नाही, म्हणून त्याच्याशी ते जेवढं मोकळं बोलले तेवढं माझ्या बहिणीशीही बोलले नसतील.

रेडिओवर प्रशिकचा आवाज आला. तो प्रतिज्ञा घेत होता. पत्नीचा सन्मान करीन, तिचा कधी अपमान करणार नाही, असं एकेक शब्द स्पष्ट म्हणत होता.

"पाहू ना," भाऊजी रेडिओला म्हणाले.

मी गालात हसलो. ते पुढे सरकले, अगदी रेडिओजवळ.

"सन्मान-गिन्मान ठीक हाये. पण तिले राग आला का ते भांडत नाही, जेवाचं सोडते. मंग मांगं लागा लागते. चार डाव नाही म्हणन, मंग जेवते. अन् इजा कडाडल्या का भेते अजून. एवढी इंजिनियर झाली, तरी भेते. तवा एकटी नको ठेवजो गा तिले."

रेडिओ गप्प झाला. मला वाटलं नेट गेलं. फोन पाहिला तर नेट होतं. मग दामिनीचा आवाज आला. तिची प्रतिज्ञा पहिल्याच शब्दाला अडखळली, पण तिने ती पुरी केली. लगेच सगळा हॉल एका सुरात म्हणाला, "साधू! साधू! साधू!"

भाऊजी दचकले. "आता हा साधू कोण आला बे मधातच? हे लोक तं बुवा-साधूले मानत नाही म्हणे!"

रेडिओ हसला. म्हणजे अख्खा हॉल हसला, बायका-पोरांसकट.

"चंद्रभान," भाऊजींनी माझा दंड धरला, "रेडिओ हासून राहिला गा."

माझी नजर त्या माइकच्या चित्रावर गेली. दुरुस्त कसलं, मीच माइक चालू करून ठेवला होता. सगळं, अगदी विजांचंही, वर स्पीकरवरून ऐकू गेलं होतं.

मग एका म्हातारीचा आवाज आला. "रुपरावभाऊ, मी कौसल्या, प्रशिकची आजी. साधू कोणी आला नाही जी. साधू म्हंजे चांगलं झालं, मनापासून मान्य हाये. सगळ्यायनं मिळून म्हणाचं असते. तुमाले वाटत असन तं म्हणा, नाही वाटलं तं नका म्हणू. पोरगी वाट पाहून राहिली."

मी घाईने माइक बंद करायला गेलो. भाऊजींनी माझा हात बाजूला सारला.

"मी असं रेडिओत म्हणत नाही," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "नका म्हणू!" मी ओरडलो. "जा, भावकीच्या मांडीवर जाऊन बसा! पोरीनं एवढं..."

पण ते दार उघडून उतरले होते. आधी गेटकडे चालू लागले असं मला वाटलं. मग वळले आणि कठडा धरून जिना चढू लागले. मला मागे जायचंही सुचलं नाही. मी रेडिओला कान लावून बसलो.

खुर्च्या सरकल्या. कुजबुज झाली आणि थांबली. पडद्यावर नुसत्या लोकांच्या पाठी दिसत होत्या. मग माइकजवळ कोणीतरी जोरजोरात धापा टाकताना ऐकू आलं.

"रडू नको वं बाई," भाऊजी म्हणाले. "आलो ना मी." मग घसा खाकरून, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं, "सांगा मायजी, किती डाव म्हणाचं असते?"

"तीन डाव, बाबा," दामिनीच म्हणाली.

ते म्हणाले. पहिल्यांदा एकटेच, चाचरत. दुसऱ्यांदाही एकटेच. तिसऱ्यांदा सगळा हॉल त्यांच्याबरोबर म्हणाला आणि खाली गाडीत, डोळे पुसत, मीही म्हणालो.