बटाटे सोलणारी ओरिसिया

मित्रांनो, मी चित्रपट दाखवणारा एक जुना प्रोजेक्टर आहे. एका मंगळवारी दुपारी इस्पितळातून फोन आला, तेव्हा माझा मालक सोल माझ्यात फिल्म ओवत होता. "हो, हो, निघालोच," एवढंच तो म्हणाला आणि गेला. माझा दिवा गार ठेवणारा पंखा तसाच फिरत राहिला. दुसऱ्या दिवशी सोल परतला, तेव्हाही तो फिरतच होता. चाळीस वर्षांत सोल पंखा बंद करायला कधी विसरला नव्हता. त्यावरून मी ओळखलं, की त्याची बायको ओरिसिया गेली.

माझी सुरुवातीची वर्षं एका शाळेत गेली. दात कसे घासावेत, हे मी हजारो मुलांना दाखवलं. पुढे नवा प्रोजेक्टर आला आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथून सोलने मला उचलून सेकंड अव्हेन्यूवरच्या आपल्या दोन खोल्यांत आणलं.

ओरिसिया आठवडाभर युक्रेनी खाणावळीत वरेनिकी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, लाटायची आणि रविवारी सोलच्या कॅमेऱ्यासमोर बसायची. सोलचे हे गोष्ट नसलेले चित्रपट कुठलंच थिएटर लावत नसे. चर्चच्या तळघरात चादर टांगून आम्ही ते दाखवायचो. एकदा खेळ बंद पाडायला दोन पोलीस आले आणि शेवटपर्यंत बसून राहिले.

एका चित्रपटात ती अकरा मिनिटं नुसते बटाटे सोलते. संवाद नाही, संगीत नाही. एकदा एक प्रेक्षक वैतागून ओरडला, "अहो बाई, आता काहीतरी करा की!"

मागच्या खुर्चीतून ओरिसिया म्हणाली, "थांब रे बाबा, अजून चार राहिलेत!"

सगळं तळघर हसलं. पण सातव्या मिनिटाला पडद्यावरची ओरिसिया मान वर करून बघते, तेव्हा तोच माणूस गप्प झाला. असं बघणं मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

असे चित्रपट करणाऱ्या या मंडळींची एक रीत होती. ज्या फिल्मवर चित्रण करायचं, तीच धुऊन दाखवायची. निगेटिव्ह नसे. प्रत काढायचा विषय निघाला, की ओरिसिया म्हणायची, "त्यापेक्षा नवीन चित्रपट करू." त्यामुळे माझ्यातून जायची ती एकुलती एक फिल्म. एकदा ती बटाट्यांची फिल्म चालू असताना माझ्यात वाळूचा कण अडकला आणि तिच्या चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत रेघ उमटली.

"भंगार मेलं!" सोल माझ्यावर ओरडला.

ओरिसिया म्हणाली, "त्याला कशाला बोलतोस? फुंकर मारायला तूच विसरलास."

"आता ही फिल्म डब्यातच ठेवतो."

"ठेव, आणि काकड्यांसारखी खारव! अरे, लोकांनी बघावी म्हणून केली ना? आणि बरंच झालं. घरात मला सुरकुत्या, पडद्यावर तिलाही. आमचं भांडण मिटलं."

ती गेल्यावर सोल दर रविवारी तीच फिल्म लावू लागला. फिल्मच्या कडेची भोकं फाटत चालली होती. मी काय करणार? दाखवणं हेच माझं काम, आणि दर वेळी मी तिला थोडं थोडं झिजवत होतो. मागच्या रविवारी सातव्या मिनिटाला फिल्म अडकली. माझ्याच दिव्याने तिच्या तीन चौकटी जळाल्या; सोलने आजूबाजूची फाटकी फीत कापून टोकं जोडली. ती आता मान वर करत नाही. एकदम बघतानाच दिसते.

ओरिसियाची बहीण डारिया तिथेच होती. ती म्हणाली, "भावजी, तुम्ही तिला बघून बघून संपवाल. फिल्मच्या प्रयोगशाळेत द्या. सहा आठवड्यांत प्रत मिळेल."

"सहा आठवडे ती घरात नसणार?" सोलने विचारलं.

 डारियाने टेबलावरचे कप उचलून धुवायला नेले.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राला फिल्म लावण्याआधी पुसत जा. आणि जे एकच आहे, त्याची प्रत माणूस घरात असतानाच काढा. मागाहून हात धजत नाही.

सोलने डब्यावर प्रयोगशाळेचा पत्ता लिहिला आहे. डबा अजून पाठवलेला नाही.