पोळ्याचं तेल आणि माझे चार टायर

मित्रांनो, माझ्या प्रत्येक टायरवर चार आकडे कोरलेले होते, आणि ते काय सांगतात हे मला कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं. स्वतःच्या पाठीवर लिहिलेलं कुणाला वाचता येतं? मी एक जुनी, उघड्या टपाची मोटार आहे. बटण दाबलं की माझं कापडी छप्पर उचललं जातं, त्याची घडी होते आणि ते मागच्या डिकीत जाऊन बसतं. लहान मुलं हे पाहायला लांबून धावत येतात. पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण विचारतो, छप्पर गेलं कुठं?

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. नागपूरच्या एका हौशी गृहस्थांनी मला आणलं. माझी आसनं सायीच्या रंगाच्या कातड्याची होती, आणि रविवारी संध्याकाळी आम्ही तलावाकाठी फेरी मारत असू. पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले. मी बसकी, त्यामुळे माझ्यात उतरायचं म्हणजे त्यांना खड्ड्यात उतरल्यासारखं व्हायचं. मग मी खोळीखाली उभी राहिले. मला कुणी मारलं नाही की टाकून बोललं नाही. फक्त कुणी आलं नाही.

एक दिवस खोळ निघाली आणि समोर उत्तमसिंग उभे होते. पांढरकवड्याजवळच्या एका तांड्यावरचे ते शेतकरी. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव फिरायचे. आता घरी कापूस आणि तूर. लग्नाच्या वरातीसाठी मला भाड्यानं द्यायचं, असं त्यांच्या मनात होतं. मी तांड्यावर आले त्या दिवशी लोक माझ्याभोवती गोळा झाले. वाकून माझं पोट पाहू लागले, डिकी उघडून स्टेपनी शोधू लागले. स्टेपनी सापडली नाही, कारण ती जागा छपरालाच लागते. एक म्हातारे बाबा म्हणाले, "उत्तमसिंग, याच्यापेक्षा म्हैस घेतली असती तं दूध तरी प्यालो असतो आम्ही." सगळे हसले. मीही मनात हसले.

पण वराती मिळू लागल्या. बँडच्या मागे माणसाच्या चालीनं जायचं, नवरदेव मागच्या आसनावर, अंगावर गुलाल आणि फुलं. एका गावाहून दुसऱ्या गावाला जातानाही उत्तमसिंग वेगाचा काटा चाळिसाच्या वर जाऊ देत नसत.

त्यांच्या पत्नीचं नाव जमनीबाई. बोलणं अगदी हळू. पहाटे आंघोळ, तुळशीला पाणी, आणि मग माझ्या बॉनेटवर हळदीकुंकवाचं बोट. हे झाल्याशिवाय त्या चहासुद्धा घेत नसत. सोमवार आणि शनिवार उपास. ताप असला तरी हा नेम चुकला नाही. मला त्या बोटाची इतकी सवय झाली, की ते टेकल्यावरच सकाळ झाली असं मला वाटायचं.

ज्या वर्षी मी आले, त्याच वर्षी घरातला शेवटचा बैल म्हातारपणानं गेला. मित्रांनो, आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तेला-हळदीनं मळतात. वर्षभर ओझं ओढलेल्या मानेला तेवढाच आराम. त्या दिवशी जमनीबाई वाटी घेऊन रिकाम्या गोठ्यात गेल्या आणि थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या. मग वाटी घेऊन माझ्याकडे आल्या. "आता हाच आमचा बैल," असं पुटपुटत त्यांनी माझ्या चारही टायरांना तेल चोळलं, अगदी मायेनं, बोटांनी खाचाखाचांत घालून. टायर काळेभोर चमकू लागले. उत्तमसिंगांना ती चमक इतकी आवडली, की मग प्रत्येक वरातीच्या आधी तेलाचं फडकं फिरू लागलं. मला आवडायचं का? खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

असे सात पोळे गेले.

त्यांची मुलगी बबिता माझी खरी काळजीवाहू. वरात संपली की आसनांच्या सांध्यांतून ती सुकलेली फुलं वेचायची. एका पावसाळ्यात माझ्या आत, पाय ठेवायच्या जागी पाणी साचलं, तेव्हा सगळे म्हणाले छप्पर फाटलं. बबितानं मात्र इकडेतिकडे बोटं घालून पाहिलं. छपरावरचं पाणी वाहून जायला कडेला बारीक भोकं असतात, ती झेंडूच्या पाकळ्यांनी बुजली होती. तिनं खराट्याच्या काडीनं ती हळूहळू मोकळी केली, आणि पाणी भळभळ खाली गेलं. असं काही सापडलं की तिचा चेहरा उजळायचा. दुसऱ्यांच्या लग्नाची फुलं वेचता वेचता ती मोठी झाली, आणि एका चैत्रात तिचंच लग्न ठरलं. मुलगा राळेगावचा.

आता तिची इच्छा ऐका. त्यांच्या समाजात सासरी निघताना नवरी सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहायची, दोन्ही हात वर करून घराचा निरोप घेणारं गाणं म्हणायची. त्याला हवेली म्हणतात. जमनीबाईंनी ते तसंच म्हटलं होतं. बबिता आईला म्हणाली, "याडी, बैल तं नाही आता घरी. पण या गाडीतच उभं राहता येते ना. टप उघडून मी हवेली म्हणीन, आन् याच गाडीत राळेगावले जाईन." जमनीबाईंनी पदर डोळ्याला लावला. बैलाचा मान मला मिळणार होता.

पण राळेगाव पन्नासेक किलोमीटर. त्यातला बराच रस्ता वेगाच्या वाहनांचा मोठा हायवे, आणि ऊन चैत्राचं. चाळिसाच्या चालीनं तिथं चालत नाही, मागून ट्रक येतात.

लग्नाला आठ दिवस उरले असताना जमनीबाई बॉनेटला बोट लावून खाली वाकल्या. तेलाचं फडकं बरेच दिवस फिरलं नव्हतं, आणि टायरच्या बाजूवर त्यांना बारीक रेघा दिसल्या. त्यांनी आपला पाय पुढे घेऊन टाच पाहिली, मग पुन्हा टायर पाहिला. "बबिताचे बापू," त्या म्हणाल्या, "हे पाहा. माह्या टाचेसारख्या भेगा पडल्या याले."

उत्तमसिंगांनी नक्षीच्या खाचेत नख घातलं. नख पूर्ण बुडालं. "अवं, नवा हाय हा अजून. घासलाच कुठी? कायले भेते?"

जमनीबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की पोर बसणार आहे, जाणत्या माणसाला दाखवून आणा, तोवर मी पाण्याचा घोटही घेणार नाही. तो शनिवार होता, आणि त्यांचा उपास लिंबू-पाण्यावर चालायचा. उत्तमसिंगांनी मुकाट्यानं किल्ली घेतली. तिघं मला घेऊन पांढरकवड्याला संजयच्या टायर दुकानात गेले.

संजय बोलका माणूस. तो उकिडवा बसला, ओल्या फडक्यानं टायरची बाजू पुसली आणि बबिताला जवळ बोलावलं. तिथं, मित्रांनो, मला माझे चार आकडे कळले. "हे वाच," तो म्हणाला. बबितानं वाचलं, तीन दोन एक सहा.

"बत्तिसावा आठवडा, साल दोन हजार सोळा. हे याची जन्मतारीख. टायर घासून म्हातारा होते तसाच नुसता उभा राहूनही होते. तुमचा चाल्लाच नाही, म्हणून नक्षी नवी. पण रबर आता नववं वर्ष गाठून राह्यलं. उन्हात जोरात पळवला तं फुटन."

मी थक्क झाले. एवढी मोठी गोष्ट माझ्या अंगावर होती आणि मी गुलालाच्या नादात होते.

उत्तमसिंग म्हणाले, मग ट्रॉलीसारखे जाडजूड उंच टायर टाकू, खड्ड्याची चिंता नको. संजयनं मान हलवली. उंच टायर वळताना आतल्या पत्र्याला घासतो आणि वेगाचा काटाही खोटं बोलतो. कंपनीनं कुठलं माप आणि किती हवा सांगितली ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं, असं तो म्हणाला. तिघांनी पाहिलं, तर तिथं 'शुभ लाभ' चिकटवलेलं. बबितानं ते नखानं हळूच सोडवलं, आणि खाली खरोखर आकड्यांचा कागद निघाला. सात वर्षं शुभ लाभाखाली दडलेला. रुंदी किती, बाजूची उंची रुंदीच्या शेकडा किती, चाक किती इंची, हे सगळं ती बोट ठेवून विचारत गेली.

मग कळलं की माझे जुने टायर कडक बाजूचे होते, हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे, म्हणून तर स्टेपनी दिली नव्हती. आता दोन वाटा होत्या. तसेच कडक घ्यायचे, नाहीतर त्याच मापाचे साधे, जरा मऊ घ्यायचे आणि डिकीत हवेचा छोटा पंप नि पंक्चरचं सामान ठेवायचं. आपल्या रस्त्यांना मऊ बरे, असं ठरलं. उत्तमसिंग म्हणाले, पुढचे दोनच बदलू, स्टिअरिंग पुढेच असते ना. संजयनं सांगितलं की मागच्या चाकांची पकड सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि पोर मागेच बसणार आहे. मग चारही बदलायचे ठरले.

शेवटी संजयनं टायरवर फिरवलेलं बोट हुंगून पाहिलं. त्यावर कळकट चिकटपणा होता. "काका, याले तेल लावलं काय कोणी? तेल रबराले खाते. चमक येते, पण आतून भुसा होते."

उत्तमसिंग रस्त्याकडे पाहू लागले. मग जमनीबाई इतक्या हळू म्हणाल्या की संजयला वाकावं लागलं, "मीच लावलं. पोळ्याले. बैल समजून."

संजय हसला नाही. त्यानं हात पुसले आणि म्हणाला, "काकू, बैलाले चालते ते. याले नुसतं पाणी पाह्यजे."

टायर नागपूरहून यायला पाच दिवस लागले. आले तेव्हा लग्न तीन दिवसांवर होतं. जुना टायर रिमवरून निघाला तशी संजयनं त्याची बाजू दाबली. भेग तोंड उघडावी तशी उघडली, आणि आत तारांची जाळी दिसली. उत्तमसिंगांनी ती पाहिली. त्यांनी जवळ उभ्या बबिताच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

लग्नाच्या दिवशी माझं छप्पर मागे गेलं. बबिता आसनावर उभी राहिली, हात वर केले आणि हवेली म्हटली. बँड थांबला होता. मी इंजिन बंद करून उभी होते, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला. तांड्याच्या वेशीवर उत्तमसिंग म्हणाले, "आता खाली बैस माय, पट्टा लाव." हायवेवर माझा काटा ऐंशीवर गेला. कितीतरी वर्षांनी. नवे टायर तापल्या डांबराला घट्ट धरून होते. राळेगाव आलं तेव्हा नवरीच्या केसांतली फुलं तेवढी विस्कटली होती.

मग पुन्हा पोळा आला. जमनीबाईंच्या हातात तीच वाटी पाहून मी जरा घाबरले. पण त्यांनी आधी बादलीभर स्वच्छ पाण्यानं माझे टायर धुतले, देव्हाऱ्यातून हवा मोजायचं मीटर आणलं आणि दारावरच्या कागदाशी आकडे पडताळून पाहिले. होय, ते मीटर आता कुंकवाच्या करंड्याशेजारी असतं. दर शनिवारी सकाळी, गाडी थंड असताना हवा मोजायची, असा त्यांचा नवा नेम आहे. आणि तेल? संजयकडून परत आणलेला माझाच एक जुना टायर अंगणात लिंबाखाली ठेवला आहे. जमनीबाई त्याच्यापाशी बसल्या आणि हळदीचं तेल त्याला मनसोक्त चोळलं. आता त्याला कुठं जायचं नव्हतं.

म्हणून, मित्रांनो, कशावर माया केलीत तर त्याला काय सोसतं ते एकदा विचारून घ्या. तुमच्या सायकलच्या टायरवरही काही लिहिलेलं असेल. आज घरी गेलात की ओलं फडकं घ्या, पुसा, आणि वाचा.