ईजीआर काढायचा ठरला तेव्हा

अजिंठ्याच्या घाटात वळण घेता घेता शाइस्ताच्या जीपनं हातपाय गाळले. बंद पडली नाही, पण अॅक्सिलरेटर तळाला टेकलेला आणि गाडी मात्र गाभण म्हशीगत पाय ओढत चाललेली. आरशात बघावं तर मागं काळ्या धुराचा लोट. पाठीमागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला, शेवटी एक शिवी हासडून पुढं निघून गेला.

मागच्या सीटवर पुंजारामकाका उशीला टेकून बसले होते. त्यांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा शहरात डायलिसिस. पाय सुजलेले, श्वास वरच्या वर. शेजारी त्यांची बायको भागूबाई पदरानं त्यांना वारा घालत होती.

"माय, चढंल का गं ही?" भागूबाईनं विचारलं.

"चढंल मावशी. चढावीच लागंल तिला," शाइस्ता म्हणाली, आणि गिअर खाली टाकला.

चढली, पण कशीबशी. सिल्लोड, फुलंब्री करत छत्रपती संभाजीनगरला पोचेस्तोवर काकांची वेळ टळून गेली होती. मशीनवर दुसरा पेशंट. "आता हे उठले की तुमचा नंबर," सिस्टर म्हणाली. तिचंही काही चुकत नव्हतं. काका बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिले. पडून राहिलं की दम लागायचा, म्हणून बसूनच. दुपार कलली तरी ते तसेच, तोंड उघडं टाकून श्वास ओढत. शाइस्तानं त्यांच्या पाठीला हात लावून धरला होता. त्या हाताखाली फासळ्या वरखाली होताना तिला कळत होतं, आणि आतून संताप उसळत होता. राग कुणावर काढायचा? स्वतःच्याच गाडीवर.

शाइस्ता सोयगावची. बापानं आयुष्यभर टेम्पो चालवला आणि लेकीलाही स्टीअरिंग धरायला शिकवलं. तिची अम्मी डायलिसिसवर होती तेव्हा या मायलेकी एसटी बदलत बदलत शहर गाठायच्या. अम्मी एकदा स्टँडवरच चक्कर येऊन पडली होती. अम्मी गेली, पण तिच्यासोबत मशीनवर असणारे आसपासच्या गावांतले पेशंट राहिले. त्यांना न्यायला-आणायला शाइस्तानं एका सरकारी खात्याच्या लिलावातून ही जुनी डिझेल जीप घेतली, फोर व्हीलची. फोर व्हील कशाला, असं गावात विचारायचे. ज्यानं विचारलं त्यानं पुंजारामकाकांच्या वस्तीवर एकदा पावसाळ्यात जाऊन यावं. काळी माती, मधी ओढा, वर निसरडा चढ. तिथं साध्या गाडीची चाकं जागच्या जागी भजी तळतात.

त्या संध्याकाळी काकांना वस्तीवर सोडलं तेव्हा ती भागूबाईला म्हणाली, "मावशी, पुढल्या फेरीला आमच्या गावच्या गोकुळच्या पिकअपमधून जा. मी त्याला सांगते. ही गाडी नीट झाल्याबिगर मी काकाला तिच्यात बसवायची नाय."

चुलतभाऊ ओवैसचं गॅरेज शहरात पडेगावच्या बाजूला होतं. वयानं तिच्यापेक्षा लहान, पण डिझेल गाड्यांत मुरलेला. त्यानं इंजिन चालू करून रेस दिली, मागं जाऊन धूर बघितला, आणि निकालच देऊन टाकला.

"आपा, ईजीआर. दुसरं कायबी नाय. निकाल डालते, काम खतम."

"काढून टाकायचा म्हणजे?"

"प्लेट मारायची, रस्ता बंद." तो बॉनेटवर कोपर टेकून समजावू लागला. "हे बघ, इंजिन जो धूर सोडतं ना, त्यातला थोडा हा ईजीआर परत इंजिनातच घालतो. त्यानं आतली आग जरा थंड राहती, बाहेर विषारी वायू कमी जातो. नवीन गाडीत ठीक. जुन्या गाडीत काजळी आन तेल मिळून डांबर होतं. इंजिनानं आपलंच उष्टं खायचं. कैसा जान आयेगा उसमें?"

"पण ते काढणं कायद्यात बसतं का?"

ओवैस हसला. "बसत नाय. पर सब निकालते, आपा. कोण वाकून बघतंय?"

शाइस्तानं बॉनेटखाली वाकून बघितलं. तिला ते पटलं नाही, पण बाकड्यावरचा पुंजारामकाकांचा श्वास कानातून जात नव्हता. शेवटी म्हणाली, "काढ. पण मी संगं काम करणार. ही घाटात बसली तर तू येणार हाईस का पाना घेऊन?"

"हौ, ये ना," ओवैस म्हणाला. त्याला वाटलं, तासाभरात कंटाळून चहा प्यायला जाईल.

ती गेली नाही. ओढणी कमरेला बांधून ती इंजिनात वाकली. ईजीआरचे बोल्ट वर्षानुवर्षं भाजून निघालेले, गंजून एकजीव झालेले. त्यांवर तेल सोडलं, ठोकलं, पुन्हा तेल सोडलं. एक बोल्ट काही केल्या हलेना. ओवैस म्हणाला, "सोड, कापून काढू." शाइस्तानं पान्याला लोखंडी नळी लावली, पाय भिंतीला दिला आणि सगळा जोर काढून ओढलं. बोल्ट कर्रर्र करून सुटला आणि ती मागच्या मागं टायरांच्या ढिगावर जाऊन पडली. उठली, कपडे झटकले आणि पुढच्या बोल्टाला लागली.

व्हॉल्व्ह बाहेर आला तेव्हा तिला किळसच आली. काळं, ओलसर, चिकट. आतली झडप मिटायचं विसरून गेलेली, अर्धी उघडी तशीच थिजलेली. हवा आत जायची वाट तर इतकी बुजलेली की बोट शिरणं मुश्कील.

"बघ!" ओवैस म्हणाला. "मैं बोला था ना?"

त्यानं पोलादी पत्र्याच्या प्लेटा कापून रस्ता बंद केला, धूर थंड करणाऱ्या त्याच्या कूलरकडं जाणारे पाण्याचे पाइप एकमेकांना जोडून दिले. शाइस्तानं हवेची वाट खरवडून खरवडून मोकळी केली. गाडी चालू केली तर आवाजच पालटलेला. पडेगावच्या सपाट रस्त्यावर जीप हरणासारखी उडाली. काळा धूर पुष्कळ कमी झाला. ओवैसनं निघालेला ईजीआर कूलरसकट उचलून भंगाराच्या पिंपाकडे नेला.

"तो इकडं दे," शाइस्ता म्हणाली.

"काय करणार? लोणचं घालती का?"

"दे तर खरं."

त्यानं खांदे उडवून तो सीटखाली टाकला.

सपाटीवर पळाली म्हणून शाइस्ता हुरळणारी नव्हती. सपाटीवर बैलगाडीही पळते. घाट चढून दाखवायचा होता, तोही भरलेल्या गाडीनं. आणि ही परीक्षा माणूस बसवून घ्यायची नव्हती. ती ओवैसला सोबत घेऊन थेट पुंजारामकाकांच्या वस्तीवर गेली आणि भागूबाईकडं मक्याची पोती मागितली.

काका बाजेवर बसले होते. पिकअपमधून आदळत जाऊन आल्यापासून त्यांची कंबर धरली होती. "काय काढलंस म्हनं गाडीचं?" त्यांनी विचारलं.

शाइस्तानं ईजीआरचं काम सांगितलं. धूर बाहेर निघतो, नळीतून फिरून पुन्हा आत जातो.

काकांनी बोटानं हवेत गोल काढून बघितला. मग म्हणाले, "म्हंजी हे तिचं डायलिसिसच की. माझं बी रगत भायेर काढत्यात आन पुन्यांदा आत घालत्यात."

"नाय काका, उलटं हाय. तुमचं रगत धुऊन घालत्यात. हिच्या पोटात मळकंच घालायचं असतं."

"मंग बरं झालं काढलं," काका म्हणाले आणि खो खो हसले. हसता हसता त्यांना खोकला आला. भागूबाई पाणी घेऊन धावली, आणि वर शाइस्तालाच दटावलं, "त्येला हसवू नगंस बाई."

माणसांच्या वजनाइतकी पोती भरून जीप फर्दापूरहून घाटाला लागली. पहिली वळणं छान गेली. ओवैस खिडकीत हात टाकून शीळ घालत होता. मग खरा चढ आला, शाइस्तानं पाय दाबला, आणि गाडीनं पुन्हा हातपाय गाळले. तस्सेच. आरशात काळा लोट पुन्हा हजर.

ओवैसची शीळ थांबली. "कैसा हो सकता? आता तर ईजीआरच नाय."

शाइस्ताच्या डोळ्यांत पाणी तरळलं, पण तिनं ते गालावर येऊ दिलं नाही. पुढं जागा बघून गाडी वळवली आणि पुन्हा घाट उतरायला लागली.

"कुठं चालली, आपा?"

"परत खालून चढायचं. ह्या खेपेला तू चालव. मी ऐकते."

"काय ऐकते?"

"आता काय ठावं? बोलंल ते ऐकते."

खालून पुन्हा सुरुवात केली. तिनं काच पूर्ण खाली केली, डोकं बाहेर काढलं, एक कान इंजिनाकडं दिला. वारा, ट्रकांची घरघर, टायरांचा आवाज. काही कळेना. वरून पुन्हा खाली आले. ओवैस म्हणाला, "शहरात जाऊन डिझेलचा पंप खोलू." ती म्हणाली, "अजून एकदा." तो कुरकुरला, पण वळला. या खेपेला तिनं त्याला सांगितलं, "चढ आला की एकदम दाब, मग सोड, पुन्हा दाब." त्यानं दाबलं, आणि इंजिनाच्या आवाजाखाली एक बारीक फुसकारा आला, साप दबल्यासारखा. सोडलं की गप्प. दाबलं की पुन्हा.

"थांब! थांब, बाजूला घे!"

मोकळी जागा बघून थांबले, चाकामागं दगड लावला. बॉनेट उघडून वरून बघितलं तर सगळं धडधाकट. इंजिन जरा निवू दिलं. मग शाइस्तानं हात आत घातला आणि इंजिनात दाबून हवा भरणाऱ्या टर्बोकडून निघणाऱ्या जाड रबरी नळीच्या पोटाखालून बोटं फिरवत नेली. डोळ्यांना दिसत नव्हती ती बाजू. मधेच बोटं तेलकट झाली. तिनं नळी जरा पिळली, आणि खालच्या अंगाला लांबच लांब चीर उघडली.

"हात घाल इथं," ती म्हणाली.

ओवैसनं हात घातला. त्याच्या तोंडातून एवढंच निघालं, "या अल्ला."

गुपित एवढंच होतं. गाडी रिकामी, सपाटीवर असताना ती चीर मिटलेली राही. भार पडून हवेचा दाब वाढला की फाकायची. इंजिनाला लागणारी हवा तिथूनच निसटायची, हवेवाचून डिझेल अर्धवट जळायचं, म्हणून काळा धूर. तीच काजळी ईजीआरमध्येही साठत गेली होती.

"मी वरूनच बघितलं, आपा," ओवैस म्हणाला. "सबको ईजीआर बोलता, तुला पण बोललो."

"मी बी मान हलवलीच की. चल, नवीन नळी बघू."

शहरात परतल्यावर शहागंजला मिळाली नाही, पण जालना रोडवरच्या एका दुकानात मिळाली. ओवैसनं ती बसवली, क्लिपा आवळल्या, हात पुसले. "बस. आता उड्या मारंल."

"आता ईजीआर परत लावायचा," शाइस्ता म्हणाली.

ओवैसला वाटलं ती थट्टा करतेय. तिनं सीटखालून ईजीआर काढून त्याच्यापुढं ठेवला.

"आपा, पागल झाली का? निघाला ना एकदा, राहू दे. कोणाला कळणार?"

"मला कळंल. चूक नळीची, आन हात तोडायचा याचा? ही गाडी दवाखान्याच्या दारात जाऊन उभी राहती, ओवैस. मागं बाकड्यावर माणसं असत्यात, त्यांना आधीच दम घेता येत नाय. जे बाहेर कमी सोडायला हे बसवलंय, ते मी जास्ती सोडू? आन कायदा नाय म्हणतो तर नाय."

"पुन्हा काजळी धरंल."

"मग पुन्हा धुईन."

ओवैसनं कपाळावर हात मारला. पण तिनं रॉकेलच्या डब्यात व्हॉल्व्ह बुडवून ब्रश चालवायला सुरुवात केलेली पाहून तो मुकाट्यानं शेजारी बसला आणि त्यानं दुसरा ब्रश उचलला. थरावर थर निघत गेले. झडप मोकळी झाली, बोटानं दाबली की उघडायची, सोडली की मिटायची. कूलरमध्ये पाणी भरून तो कुठं झिरपत नाही ना, हेही तिनं उन्हात धरून तपासलं. नवीन गॅस्केटा लावून, प्लेटा काढून, सगळं जिथल्या तिथं आवळलं. तिची नखं आठवडाभर काळी राहिली.

मग पुन्हा मक्याची पोती आणि पुन्हा घाट. ती एकटीच गेली. भरल्या गाडीनं घाट चढला, कुठंही दम न लागता, आणि आरशात मागं मोकळा रस्ता दिसला.

पुढच्या फेरीला पुंजारामकाका मागच्या सीटवर बसले. वस्तीच्या ओढ्यात शाइस्तानं फोर व्हील टाकली, चिखल उडवत जीप वर निघाली. घाटात काका झोपी गेले होते. मागच्या खेपेला हॉर्न वाजवणारा होता तसलाच एक ट्रक पुढं रखडत होता. शाइस्तानं इंडिकेटर दिला आणि त्याला मागं टाकून पुढं गेली. दवाखान्यात पोचले तेव्हा सिस्टर मशीन तयारच करत होती. "आज लवकर?" तिनं विचारलं. काका आत गेले, आणि भागूबाई बाहेर बाकड्यावर बसून भाकरीचं फडकं सोडू लागली. अर्धी भाकर तिनं शाइस्ताच्या काळ्या नखांच्या हातावर ठेवली, वर मिरचीचा ठेचा.

ओवैस अजूनही लोकांच्या गाड्यांना प्लेटा मारतो. खोटं कशाला सांगा. पण आता कुणी येऊन "ईजीआर निकाल दो" म्हणालं की तो आधी गाडीखाली सरपटत जातो आणि सगळ्या नळ्यांच्या पोटाखालून हात फिरवून येतो. बऱ्याच जणांचं काम तेवढ्यावरच भागतं. उरलेल्यांशी तो प्लेट मारण्याआधी 'धुऊन घ्या, काढू नका' म्हणून भांडतो, हल्ली तर थोडं जास्तच.