तळाशी वाजणारी मोगरी

मित्रांनो, मी एक जुनं मालवाहू जहाज आहे. तुम्ही मला पाहिलेलं नसणार, कारण मी एका सरोवराच्या तळाशी आहे. सरोवर एवढं मोठं, की या काठावरून तो काठ दिसत नाही. पाणी गोडं आणि हाडं गोठवणारं. इथे काहीच कुजत नाही. माझ्या भटारखान्यातले कप अजून खुंट्यांना लटकलेले आहेत.

काठावरच्या गोदीत माझा जन्म झाला. मी धान्य वाहायचो. कोठारांची तोंडं फळ्यांनी झाकायची, वर ताडपत्री ताणायची आणि कडेनं लाकडी पाचरी ठोकायच्या, म्हणजे लाट आत येत नाही. हे काम एकाच खलाशाचं. सगळे त्याला ठोक्या म्हणत. एकदा ठोकून झालं तरी मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, घेऊन तो पुन्हा फेरी मारी.

"ठोक्या, बस कर की. जहाजाचं डोकं दुखायला लागलं," कप्तान म्हणायचे.

"दुखू द्या साहेब. पाणी आत आलं तर तुमचं दुखेल."

नवा होतो तेव्हा बंदरात लोक मला बघायला थांबत. पुढे माझ्या नाकाजवळचा एक पत्रा सैल झाला. "एवढा हंगाम निघू दे," मालक म्हणाले. त्या हंगामाच्या शेवटच्या खेपेत वादळानं गाठलं. पत्रा उघडला आणि मी नाकावर खाली गेलो. कुणीही वाचलं नाही.

काठाला लागली फक्त एक ताडपत्री. कुठेही न फाटलेली. चौकशी करणारे म्हणाले, ही नीट बांधलेली असती तर फाटून आली असती. ठोक्यानं पाचरी ठोकल्याच नव्हत्या. खरं तर ती जादाची ताडपत्री होती, घडी करून वर ठेवलेली. पण ते सांगायला कोण उरलं होतं?

दर वर्षी मी बुडालो त्या दिवशी घरची माणसं बोटीनं येतात, माझ्या डोक्यावर इंजिन बंद करतात. कप्तानांचा मुलगा वाकून एकेकाला हाक मारतो. पाणी स्थिर असलं की आवाज खाली पोचतो, आणि माझ्या आतून उत्तर येतं. कप्तानांना हाक मारली की सुकाणूचं चाक करकरतं. आचाऱ्याला मारली की कप किणकिणतात. मग वर्षभर सामसूम.

ठोक्याला मात्र कुणी हाक मारत नसे. त्यामुळे त्याची मोगरी थांबत नसे. अंधारात, कोठाराच्या कडेनं, पाचरीमागून पाचर. ठक. ठक. मासेसुद्धा तिकडे फिरकत नसत.

त्याची धाकटी बहीण दर वर्षी बोटीत सगळ्यांच्या मागे बसायची. गेल्या खेपेला आचाऱ्याची नात पाणबुड्याचा पोशाख चढवून पाण्यात उतरायला निघाली. आजोबांचा एक कप वर आणायचा तिचा बेत होता.

"पोरी, कप राहू दे," बहीण म्हणाली. "तेवढ्या पाचरी बघून ये. सैल असतील तर तसं सांग. मग मी पुन्हा येणार नाही."

दिवा घेऊन नात खाली आली. हातानं गाळ पुसत ती कोठारांच्या कडेनं फिरली. प्रत्येक पाचर तिनं हलवून पाहिली. शेवटी माझ्या नाकाशी आली आणि उघड्या पत्र्यापाशी बराच वेळ थांबली.

"आत्या, एकही पाचर हलत नाही," वर जाऊन ती म्हणाली. "पाणी नाकातून शिरलंय."

मग कप्तानांचा मुलगा बाजूला सरकला. "आत्या, इथे या पुढे. तुम्हीच मारा हाक."

तिनं बोटीचा काठ धरून खाली वाकून पाहिलं.

"दादा," ती म्हणाली, "पुरे आता."

मोगरी थांबली. ती पुन्हा वाजलेली नाही.

मित्रांनो, बुडालेल्या माणसाला आपली बाजू मांडता येत नाही. त्याला दोष देण्याआधी कुणीतरी खाली उतरून बघावं. आणि उतरलात, तर कशाला हात लावू नका, जपून फिरा. आत्ताच कुठे सगळ्यांचा डोळा लागलाय.